बिनऔषधाची काकडी

ऐका. बिड्या विझवा आन् नीट ऐका. मधी कुणी हसलं तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो. मला आजबी राग येतो ह्या गोष्टीचा.

आपला केरबा ओढ्यापल्याड वीस गुंठ्यांत भाजी करायचा. औषध न्हाई, पोत्यातलं खत न्हाई. शेण, गोमूत्र आन् कडुनिंबाचा पाला, बास. तालुक्याला चाळीस घरं गिऱ्हाईक म्हणून बांधलेली. दारात गेला की टोपलीतली एक काकडी उचलायची, न धुता सोता खायची, मग द्यायची. लोकांचा सगळा इश्वास त्या एका घासावर.

एका साली काकडीवर माव्याची कीड पडली. निंबाचा अर्क मारला, हटंना. दुसऱ्या दिशी भाजीचा वार. रिकामा गेला तर घरं तुटतील, ह्या भ्यानं केरबानं दुकानातनं औषधाची बाटली आणली, सांजच्याला फवारली आन् राती तोडली. अंगाला वास मारत हुता. कुणाला कळू नये म्हणून डांबरी रस्ता सोडून ओढ्याच्या वाटेनं निघाला. एकटा. डोक्यावर टोपली.

बाभळीखाली एक बाई बसलेली. तोंडावर पदर.

"बिनऔषधाची हाय न्हवं?" तिनं इचारलं.

केरबा व्हय म्हणाला आन् म्होरं गेला.

चालला, चालला, चालला. बघतो तर काय, तीच बाभळ! तीच बाई! चकवा लागला गड्यांनो. सदरा काढून उलटा घातला त्यानं, आपल्यात चकवा सुटाया घालत्यात तसा. काय उपेग झाला न्हाई. टोपलीनं मान मोडायची येळ आली. बाई म्हणाली, बिनऔषधाची हाय तर मग खा की एक. केरबानं काकडी तोंडापातूर नेली, पर दात लागंनात. आज उपास हाय म्हणाला. उपास! लाज कशी वाटली न्हाई मेल्याला?

तिसऱ्या फेरीला बाईनं पदर सारला. ताना!

ताना ठावं न्हाई तुमाला? खालच्या मळ्याच्या मालकाकडं उघड्या हातांनी औषध फवारायची. त्याच हातांनी दुपारी लेकराला पाजलं. सांजला दोघं तडफडाय लागली, तर त्या मालकानं दारातली जीप काढली न्हाई. आई गेली, लेकरू गेलं.

तेच लेकरू तिच्या मांडीवर. दात येत हुते त्याला. हातात केरबाच्याच टोपलीतली काकडी, आन् ती तोंडाकडं चाललेली.

केरबानं झडप घातली. काकडी हिसकून घेतली.

"देऊ नगंस. त्यात इख हाय, म्या मारलंय."

तानानं त्याचं मनगट धरलं. गार हात. औषधाचा वास.

"तुझ्या चाळीस घरांत लेकरं किती हाईत, केरबा?"

टोपली तिथंच पडली. कसाबसा हात सोडवून केरबा काट्याकुट्यांतनं पळाला. उजाडता तालुक्याला पोचला आन् रिकाम्या हातानं चाळीस दारांत जाऊन खरं सांगून आला. निम्मी घरं तुटली. तुटणारच. मनगट जलमभर काळं ऱ्हायलं.

तवा त्या वाटेनं कवाच जाऊ नका. दिवसाबी नको. पर मला राग कशाचा येतो सांगू? बाभळीखाली तानाला गावत्यात ते पायी चालणारे केरबा. तिचा मालक डांबरी रस्त्यानं जीपची काच लावून जातोय. त्यो कशाला येतोय त्या वाटंला?