रश्श्यात न विरघळणारा पाव

—नाही, पिशवी बंद करू नका, तुमचा पाव टाकलाय मी रश्श्यात, आता बघूनच जा. पावाच्या कारखान्याचा माणूस ना तुम्ही? मग बघा — झाली की लापशी. आमच्या ग्वादालाहारा शहरात याला तोर्ता म्हणत नाहीत साहेब, हे दात पडलेल्याचं जेवण. बुडवलेली तोर्ता म्हणजे आत डुकराचं मटण, वरून टोमॅटोचा रस्सा, त्यावर डोळ्यांतून पाणी काढणारी मिरची — आणि एवढं सगळं अंगावर घेऊनही आमचा बिरोते पाव कडकच राहतो. काय म्हणालात, पहिली तोर्ता कुणाच्या हातून चुकून रश्श्यात पडली? माहितीये. इथे प्रत्येक गाडीवाल्याचा आजोबा ती पाडणारा असतो. अहो, पाडायला काय अक्कल लागते? पडूनही खाण्याजोगा राहिला तो पाव भाजला कुणी, ते विचारा की. कुणाला माहीत नाही. भट्टीवाल्याचं नाव ठेवतंय कोण लक्षात?

माझा भट्टीवाला एलिओदोरो. वीस वर्षं त्याच्याच टोपल्या येतात — येत होत्या. सोमवारपासून भट्टी बंद, म्हणून तर तुम्हाला वास लागला. का बंद म्हणजे? म्हातारा झाला. बायको गेली त्याची हिवाळ्यात, होविता. पाव आंबवायचं पिठाचं विरजण तीच सांभाळायची, तान्ह्या बाळासारखं. ती गेली आणि पाव मऊ यायला लागले. मग मी काय करायचं? मी पाव गाडीच्या फळीवर आपटून घेते, सगळ्याच घेतात, खणखणीत वाजला पाहिजे. रविवारी एकही वाजला नाही, आणि समोर गिऱ्हाइकांची रांग. मी म्हणाले — जरा मोठ्यानेच म्हणाले — एलिओदोरोबाबा, होविताबरोबर स्वतःचे हातही पुरून आलात का? लोक हसले. त्याने टोपली उचलली आणि गेला. असं बघू नका माझ्याकडे. पाव मऊच होता.

कळलं, तुमचा स्वस्त आहे, रोज दारात येईल. उचला तो. मला जायचंय. कुठे म्हणजे, त्याच्या दारात. शिव्या देईल, देऊ दे. नाही उघडलं तर उभी राहीन. विरजण मी सांभाळेन, होविताचं बघितलंय मी — भाजायचं तेवढं त्याने. नाहीच म्हणाला तर गाडी बंद ठेवेन, पण हे असलं — सरका बाजूला. फळी पाडून गाडी बंद करायचीय मला.