जीपमधली माफी

घाटनांदूरच्या जीपमध्येच हळूच माफी मागून टाकली, तर वर्षाराणी कामावर परत येईल आणि कॉम्प्युटर क्लासमधल्या पोरांपुढं आपली अब्रूही शाबूत राहील, असा मृत्युंजय सरांचा हिशेब होता.

“वर्षाराणी, ती चाळीस जीबीची हार्ड डिस्क चांगली हाय.”

“तुमी तर म्हनलते ना सर, मी पाडून बिघडवली?”

“न्हाई गं. आपला कॉम्प्युटरच जुना. बत्तीस जीबीच्या वरची डिस्क त्याला दिसतच न्हाई. पुण्याच्या दुकानदारानं डिस्कच्या मागची जंपरची बारकी टोपी हलवली, लगेच बत्तीस जीबीची म्हणून दिसली. म्हनला, डिस्कवरचा कागद वाचला न्हाई का?”

“मी म्हनलते, वाचा म्हणून.”

“हळू बोल. लोकं ऐकायलेत.”

“तीस पोरांपुढं तुमी हळू बोललते का?”

“चुकलं माझं. उद्यापासून ये.”

“आप्पांनी माझं काम बंद केलंय. आळ घेऊन त्या दारात परत जायचं न्हाई म्हनले.”

“मी समजावतो आप्पांना.”

“चला की मग. आत्ता आमच्या दुकानातच हायेत.”

जीप दुकानासमोर थांबली. आत पाचसहा गिऱ्हाईकं होती. वर्षाराणी उतरली आणि वडिलांच्या, आप्पांच्या शेजारी साखर तोलायला बसली.

“उतरायलेत ना, सर?” ड्रायव्हरनं विचारलं.

सरांनी मान वर केली नाही.

“न्हाई. चल पुढं.”