आधी सगळे नळ बंद करा

...आणि वर मलाच विचारतात, "एवढ्याशानं काय होतंय?" तुम्हाला सांगतो, ह्या एका वाक्यानं माझ्या घराचं जेवढं वाटोळं केलंय ना, तेवढं कुठल्या फुटक्या पाइपानंही केलं नसेल, आणि फुटके पाइप मी उभा जन्म बघतोय, प्लंबर आहे मी! अर्धं लिंबू! अख्खंसुद्धा नाही, अर्धं! माझ्या सख्ख्या आईनं, मी जरा दार उघडायला म्हणून वळलो तेवढ्यात, सुनेच्या सूपमध्ये पिळलं आणि साल पदराआड लपवून उभी राहिली. म्हटलं, आई, हे काय? तर म्हणे, "अरे, मिळमिळीत लागत होतं. आणि लिंबू तर थंड असतं! एवढ्याशानं काय होतंय?"

काय होतंय? संध्याकाळी बायको पलंगाच्या कडेला गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून, डोळे मिटून बसली होती, ते होतंय! रडत नव्हती. नुसती बसली होती. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटतं.

थांबा, तुम्हाला नीट सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल हा माणूस लिंबावरून आईशी भांडतो. माझी बायको बँकेत कॅशला बसते. आता कॅशला बसणाऱ्या माणसाला सारखं सारखं बाथरूमला जावं लागलं तर कसं चालेल, सांगा. रांग लागलेली, पेटीला कुलूप लावायचं, जाऊन यायचं, पुन्हा उघडायचं, दोन माणसं होतात न होतात तोच पुन्हा कळ! रांगेतले पुटपुटणार, "ह्या बाई बसायला येतात की फिरायला?" म्हणून हिनं काय केलं? भीतीनं पाणी पिणंच सोडलं! मग तर आणखीच जळजळ. तपासण्या झाल्या. जंतू नाहीत, खडा नाही, काही नाही. आणि काही नाही म्हटल्यावर सगळे म्हणायला मोकळे, "मनाचे खेळ असतात." मनाचे? मनाला गरम पाण्याची पिशवी लागते का हो? आणि आमच्या धंद्यातले लोक, त्यांचं तर विचारूच नका, "तू प्लंबर, आणि तुझ्याच घरी ही बोंब?" माझ्या हातात पाना होता, म्हणून मी हात आवरला. रिकामा हात असता तर एकेकाला सोडलं नसतं.

शेवटी एक डॉक्टरीण बाई भेटल्या. त्यांनी पहिल्यांदा हिचं पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, लघवीच्या पिशवीचं आतलं अस्तर हुळहुळं झालंय. आंबट, तिखट, टोमॅटो, चहा, कॉफी, काय काय झोंबतं, आणि प्रत्येकाला वेगळं झोंबतं. म्हणून आधी सगळंच बंद. दुखणं शांत झालं की एकेक गोष्ट खाऊन बघायची, आणि थांबायचं.

अहो, मी खुर्चीतून उठलोच! म्हटलं, डॉक्टर, हे तर आमचंच काम! भिंतीला ओल आलीय आणि पाणी कुठून येतंय कळत नाही, तर काय करायचं? आधी सगळे नळ बंद करा. भिंत वाळू द्या. मग एक नळ सोडा, भिंत बघा. मग दुसरा. आणि ह्यात एकच गोष्ट सांभाळायची असते, मधेच घरातल्या कुणी नळाला हात लावायचा नाही! लावला की संपलं. पुन्हा सगळे बंद, पुन्हा भिंतीकडे बघत बसा. बाई हसल्या, म्हणाल्या, "मग स्वयंपाक तुम्हीच करा."

केला! तुम्हाला सांगतो, केला! कारण हिच्या हातात डाव दिला की हात आपोआप तिखटाच्या डब्याकडे जातो, इतक्या वर्षांची सवय. मी सगळ्या डब्यांच्या झाकणांना टेप गुंडाळली, आमची ती पांढरी असते ना, नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती. तिखट बंद, चिंच बंद, टोमॅटो बंद, चहाच्या डब्याला तर तीन फेरे. आणि मग उभा राहिलो ओट्यापाशी. आता शिजवू काय? आंबट नाही, तिखट नाही, तर माणूस जेवतो कशाशी? पहिल्या दिवशी भोपळा उकडला. भोपळा माझ्याकडे बघतोय, मी भोपळ्याकडे बघतोय! मग हळूहळू कळायला लागलं. गाजर, बटाटा, भोपळा मोठे तुकडे करून लोण्यावर मंद आचेवर ठेवायचे आणि ढवळायचे नाहीत, अजिबात ढवळायचे नाहीत, कडा तपकिरी झाल्या पाहिजेत, मग त्यांना आपोआप गोडसर चव येते. कोंबडीच्या हाडांचं सूप दुपारभर मंद गॅसवर ठेवायचं. भात त्याच सुपात शिजवायचा. हिनं पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "अहो, हे चांगलंय की!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरला नव्हता, हे लक्षात घ्या.

आणि दुखणं उतरलं! भिंत वाळत आली, आणि तेवढ्यात... अर्धं लिंबू!

पुन्हा सगळे नळ बंद. पुन्हा पहिल्यापासून. आईला हात जोडून सांगितलं, आई, माझ्यावर उपकार कर, ओट्याकडे फिरकू नकोस. आई रुसली. रुसू दे! पुन्हा भोपळा, पुन्हा गाजर, पुन्हा भिंत वाळली, पेअर पास झालं, अंडं पास झालं, मी मनात म्हटलं जमतंय आता... तर हिची मोठी बहीण हजर! ताई! हातात डबा! "तिच्यासाठी मुद्दाम वेगळं केलंय हं! तिखट नाही, लिंबू नाही, चिंच नाही." मी झाकण काढलं. म्हटलं, ताई, हे लाल कशानं झालंय? "अरे, तो टोमॅटो, नुसता रंगापुरता! एवढ्याशानं काय होतंय?"

आता मी डबा परत देणार, तर बायको म्हणते, राहू द्या, ताईनं प्रेमानं आणलंय. आणि खाल्लं! बहिणीचं मन मोडू नये म्हणून! दुसऱ्या दिवशी बँकेतून दुपारीच घरी. पुन्हा तीच पिशवी, पुन्हा तीच पलंगाची कडा. ह्या खेपेला मात्र रडली. म्हणाली, "अहो, मला काही सगळं नकोय. लोणचं नको, टोमॅटो जन्मात नको. सकाळी कामावर जायच्या आधी एक कप चहा हवा. बस. तेवढा तरी मिळेल ना हो कधी?" आणि डॉक्टरांनी तर चहा सगळ्यात शेवटी ठेवलेला! म्हणजे आधीचं सगळं सुरळीत होईल तेव्हा चहाची पाळी, आणि सुरळीत होऊ कोण देतंय? माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! बायको एक कप चहा मागतेय हो, दागिने नाही मागत, आणि तो एक कप सगळे मिळून प्रेमानं लांब ढकलतायत!

मग काय झालं, ऐका. ताईंच्याच घरची भिंत ओली झाली. बोलावणं कोणाला? मलाच! मी गेलो. सगळे नळ बंद केले, ओट्याखाली आडवा झालो, जोड सोडवला, आणि ओरडून सांगितलं, ताई, काही झालं तरी वरच्या टाकीचा कॉक सोडायचा नाही! "नाही रे बाबा, मला काय कळत नाही का?" मी आत मान घालून बघतोय, आणि फस्सकन अख्खा पाण्याचा लोट माझ्या तोंडावर! नाकात पाणी, कानात पाणी, ओट्याखालचे कांदे-बटाटे पोहायला लागले! बाहेर आलो, तर ताई हातात तांदळाची पातेली घेऊन उभ्या. "अरे, नुसते तांदूळ धुवायला जरासा सोडला... एवढ्याशानं..."

आणि थांबल्या. वाक्य अर्ध्यावरच थांबलं. मी नुसता उभा होतो, निथळत. ताईंनी माझ्याकडे बघितलं, फरशीवरच्या पाण्याकडे बघितलं, आणि पातेली हातात धरून तिथंच खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या त्या टोमॅटोनं... तिला असं झालं?" म्हटलं, ताई, असंच झालं. आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. पदराला डोळे पुसत म्हणाल्या, "मला वाटायचं, तू तिला उपाशी मारतोयस."

बोला! मी उपाशी मारतोय! मी! ज्यानं भोपळ्याला चव आणली!

पण त्या दिवसापासून घरात पोलीस वाढला. ताईंनीच आईला समजावलं, कारण मुलाचं ऐकेल ती आई कसली. ताई रोज सकाळीच यायच्या आणि दोघी दारात बसायच्या. कुणी डबा घेऊन आलं की ताई, "काय काय घातलंय? खरं सांगा!" आणि आई मागून, "रंगापुरतंसुद्धा नको हं!" लिंबू पिळणारी हीच बाई बरं का! पण शांतता मिळाली. एकेक नळ उघडत गेला. दही पास. केळं नापास, का ते देवाला ठाऊक. आणि एका सुटीच्या सकाळी मी चहाच्या डब्याची टेप सोडली. तीन फेरे. आई, ताई, मी, तिघं ओट्याभोवती. पाणी जास्त, पावडर कमी, दूध भरपूर, अर्धा कप. हिनं कप दोन्ही हातांत धरला आणि नुसता वास घेत राहिली. आम्ही तिघं कपाकडे बघतोय. प्यायली. दुपार झाली, काही नाही. संध्याकाळ झाली, काही नाही! आईनं देवापुढे दिवा लावला, ताई नाचायच्याच बाकी होत्या, आणि मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो, उगाच.

दुसऱ्या दिवशी ही बँकेत जायला तयार, केस विंचरलेले, पर्स खांद्याला. मी मोजून अर्धा कप दिला. हिनं संपवला आणि कप माझ्यापुढे धरला. म्हणाली, "अजून दोन घोट घाला ना हो. एवढ्याशानं काय होतंय!"

आई छताकडे बघतेय, ताई आपल्या पायांकडे. आता मी भांडू कोणाशी? तोंड उघडलं, आणि बघतो तर ती हसत होती हो. कित्येक महिन्यांत सकाळची अशी हसली नव्हती. ओतले. दोन घोट ओतले. आणि मग दिवसभर तेच! एका हातानं नळ बसवतोय, एका हातानं फोन लावतोय. "काही होतंय का गं?" "नाही." पुन्हा फोन. "आता?" "नाही हो!" रांगेतल्या माणसांनाही माझा आवाज ओळखू यायला लागला.

संध्याकाळी घरी आली. एकदम ठणठणीत. म्हणाली, "चहानं मला काहीसुद्धा झालं नाही. पण दिवसभर डोकं ठणकतंय, ते कशानं ते कळलंय मला. आता असं करू या, थोडे दिवस तुम्ही पूर्ण बंद. डोकं शांत झालं की मग तुम्हाला थोडं थोडं सुरू करून बघू."

तेव्हापासून फोनला टेप गुंडाळून ठेवलीय, तीन फेरे. पद्धत माझीच ना!