तीस वर्षं चिकटलेली पानं

बाइंडरच्या दुकानात मास्तरांचा नंबर प्रवचनकार महाराज आणि त्यांच्या बायकोच्या मागे होता. कान मात्र त्यांच्याही पुढे होते.

"महाराज, तुमच्या धर्मग्रंथाची दोन पानं एकमेकांना चिकटली होती. सोडवून ठेवलीत."

"म्हणजे तीस वर्षं मी हा मजकूर ओलांडूनच पुढे जातोय?"

"आणि मधेच तुटलेल्या वाक्याचा गूढ अर्थ तासभर सांगताय," बायको म्हणाली.

"लोक रडायचे गं."

"मीही रडलेय. आज संध्याकाळी काय सांगणार?"

"वहिनी, पुन्हा चिकटवून देतो. कुणाला कळतंय?" बाइंडर म्हणाला.

"मला कळलंय ना बाबा. संध्याकाळी आधी चूक सांगेन, मग हे पान. चष्मा दे गं."

"इथेच वाचणार? मागे रांग आहे."

महाराज वळले आणि मास्तरांना वाट देत बाजूला सरकले.

"तुम्ही व्हा पुढे. माझं अजून वाचायचं राहिलंय."