चष्म्यातली म्हातारी

कोठी भागातल्या एका दवाखान्यात औषधांच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आई आणि तिचा मुलगा उभे होते.

"बुद्धभूषण, आज डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघून विचारलं रे. दरवेळी तुलाच विचारायच्या."

"त्यांचं ट्रेनिंग झालंय, आई. नर्स सांगत होती. डोळ्यांवर मोठा चष्मा लावतात, आतलं सगळं खरं वाटतं. त्या चष्म्यात बाई स्वतःच म्हातारी पेशंट झाल्या होत्या."

"मग?"

"समोरचा डॉक्टर त्यांच्याशी बोलेचना. सगळं सोबत आलेल्या मुलालाच विचारत होता."

"अगं माय! लई राग आला असंल."

"रडल्या म्हणे."

"भलं होवो त्या पोरीचं. म्हणून तर आज मला बोलता आलं. वेळेवर सांगितलंत, म्हणाल्या. नाहीतर तुझं आपलं एकच, 'गॅस है मॅडम, गॅस है.'"

"पण जिना चढताना छातीत कळ येते, हे मला का नाही सांगितलंस?"

"तू तरी कुठं विचारलंस?"

मुलानं औषधांची चिठ्ठी काढून आईच्या हातात ठेवली.

"असू दे रे. चल, सरक पुढं. आपला नंबर आला."

"तू हो पुढं, आई. तूच बोल. मी मागं थांबतो."