मागच्या दारचं पान

(रत्नागिरी, मांडवी. सकाळची वेळ. मागच्या पडवीत चुलीवर बिडाचा तवा. थोरली जाऊ येसूबाई घावनं घालते आहे. धाकटी जाऊ दमयंती उंबऱ्यावर उभी.)

दमयंती : मी आळ घेत नाही, वहिनी. नुसतं विचारतेय.

येसूबाई : विचार की. हातात पळी असली तरी तोंड मोकळं हाय माझं.

दमयंती : काशीचं पोट काल संध्याकाळपासून पुन्हा बिघडलंय. रात्रभर धुणं केलंय मी. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय, गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी असं होणार. मग कण आला कुठून?

येसूबाई : माझ्या चुलीवरून नाय. तू पोरीला घेऊन आलीस त्याच दिवशी कणीक गेली, रवा गेला, शेवया गेल्या. सगळं शेजारी यमुनाबाईकडे. तिचा नवरा कसा गरगरीत झालाय बघितलास? आमच्या जिवावर! गिरणीत गव्हावर तांदूळ दळतात म्हणालीस, तर या वयात मी जात्यावर बसले. तवा नवा आणला. परातसुद्धा राखेनं घासून उन्हात टाकली, जशी काय विटाळशी.

दमयंती : ते सगळं मला दिसतंय हो.

येसूबाई : आणि तुझे भावोजी! चपातीशिवाय ज्यांची सकाळ होत नव्हती, ते आता आंबोळीकडे बघून उसासे टाकतात. मी मेली इतके दिवस समजत होते, उसासे माझ्याकडे बघून येतात.

दमयंती : सगळ्या घरानं एकच खायचं, हे तुम्हीच ठरवलंत. मी कुठे म्हटलं होतं?

येसूबाई : मग काय! पोर एकटी कोपऱ्यात घावन खाणार आणि आम्ही तिच्यासमोर चपात्या मोडणार? एक दिवस घावन, एक दिवस आंबोळी, मऊभात हाय, नाचणीची भाकरी हाय, पोहे हायत. काय उपाशी मरतोय? खरं सांगू, कोकणातल्या माणसाला तांदूळ खा म्हणून सांगायचं आणि वर त्याची फी घ्यायची, हा धंदा मला आधी कळला असता तर मीच पाटी लावली असती.

दमयंती : वहिनी, थट्टा पुरे. आली तेव्हा तिला कडेवर घेतलं तर उशी घेतल्यासारखी वाटायची. इथे आल्यावर गालावर जरा मांस धरलं. आणि मग एक दिवस एकदम सगळं उलटं. मागच्या महिन्यात तसंच, आता पुन्हा तसंच. डॉक्टर म्हणाले होते, असं वरचेवर होत राहिलं तर ही मुलगी हाताला लागायची नाही. ह्यांना जहाजावर मी काय कळवू?

येसूबाई : काल काय होतं गो?

दमयंती : काल? अमावास्या.

येसूबाई : आणि मागच्या खेपेला?

दमयंती : मागच्या खेपेला... तुम्ही सकाळी न्हायला होतात, नारळ फोडलात. तीही अमावास्याच. का? वहिनी, असं काय बघताय? घावन करपतंय.

येसूबाई : करपू दे.

दमयंती : तुमच्या हातून घावन करपलेलं मी कधी पाहिलं नाही.

येसूबाई : तू रागावशील. पण आधी ऐक. घरात मी काही आणलं नाय. रवा यमुनाबाईच्या घरी, सांजा शिजवला यमुनाबाईच्या चुलीवर, आणला तो परसातून, परभारे ठेवला. उंबरा ओलांडला नाय त्यानं.

दमयंती : सांजा? कुणासाठी?

येसूबाई : सदूसाठी.

दमयंती : सदू कोण?

येसूबाई : तुझ्या नवऱ्याचा मधला भाऊ. महिपत तेव्हा पाळण्यात होता, त्याला काय आठवणार? आणि या घरात त्याचं नाव कुणी काढत नाय. मी नवी नवरी. सासूबाई बाळंतपणात आजारी पडलेल्या. सदू सात वर्षांचा, सगळा माझ्या पदराला. त्याला मीच न्हाऊ घालायची, मीच भरवायची. दर अमावास्येला दुपारी परसातल्या रातांब्याच्या झाडाखाली त्याचं पान ठेवते. शब्द दिला होता त्याला.

दमयंती : कसला शब्द?

येसूबाई : जाताना सारखा म्हणत होता, मला ठेवशील ना, मला ठेवशील ना. मी म्हटलं, तुझं पान कधी चुकवणार नाय. त्याला गोड सांज्याचं वेड. मग सांजाच ठेवते.

दमयंती : आणि ते पान इतके दिवस खातं कोण?

येसूबाई : कुणीच नाय. तेच तर. इतकी वर्षं कावळा शिवला नाय. कावळा राहू दे, मुंगी लागली नाय कधी. गोड सांजा, तूप घातलेला, संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा. मीच उचलून नारळाच्या मुळाशी टाकायची. तुम्ही आलात आणि त्या महिन्यापासून पान स्वच्छ. मला वाटलं, झाला एकदाचा राग शांत. घरात लेकरू आलं म्हणून त्याला बरं वाटलं.

दमयंती : तुम्ही बघितलं नाहीत, कुणी खाल्लं ते?

येसूबाई : पान ठेवलं की मागे बघायचं नसतं. तुझ्या माहेरी बघतात?

दमयंती : देवा! वहिनी, तो गेला कशानं?

येसूबाई : काहीतरी लागलं होतं त्याला. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. खाल्लेलं अंगी लागायचं नाय.

दमयंती : म्हणजे काशीसारखं. औषध काय दिलंत?

येसूबाई : वैद्य म्हणाला, भात थंड, भात बंद करा, गव्हाची खीर द्या, गव्हात ताकद. मामेसासरे मुंबईत, ते बोटीनं गहू पाठवायचे. आमच्या घरात गहू म्हणजे सोनं. आम्ही कुणी तोंडात घातला नाय गो, सगळा त्याला. मी दळायची, मी शिजवायची, मांडीवर घेऊन भरवायची.

दमयंती : आणि कधी बरं वाटायचं त्याला?

येसूबाई : पावसाळ्यात. पावसात बोट बंद ना. तीन महिने बंदरात काही यायचं नाय. तेव्हा पोर कसं तरतरीत व्हायचं, परसभर धावायचं. नारळी पुनव झाली, बोट सुरू झाली, की पुन्हा आडवं. सासरे म्हणायचे, जे काय लागलंय ते बोटीतून येतं. बंदरावर नारळ देऊन यायचे, उतारा ठेवायचे.

दमयंती : वहिनी, बोटीतून यायचा तो...

येसूबाई : थांब. बोलू नको.

दमयंती : पावसाळ्यात तुम्ही त्याला काय देत होतात?

येसूबाई : पेज. भाताची पेज. घावन. गहूच नव्हता, तर काय देणार? बोलू नको म्हटलं ना गो. मला कळलं.

दमयंती : तुम्हाला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं तेव्हा.

येसूबाई : आणि मेल्यावरसुद्धा तेच वाढत राहिले.

दमयंती : काशी! ए काशी, इकडे ये. अनवाणी नको. ये, माझ्या मांडीवर बस. खरं सांग, मी मारणार नाही. काल दुपारी रातांब्याखालचा सांजा तू खाल्लास?

काशी : त्यानं दिला.

दमयंती : कुणी?

काशी : तो तिकडे असतो ना, तो. म्हणाला, तू खा.

दमयंती : यमुनाबाईंचा रघू?

काशी : रघूला दात आहेत. ह्याला पुढचे नाहीत.

दमयंती : आणि तू खाल्लास? डॉक्टरकाकांनी काय सांगितलं होतं?

काशी : मी नको म्हटलं होतं. तो म्हणाला, मलापण नको, मला पोटात दुखतं. पण पान तसंच राहिलं की नव्या वहिनीला वाईट वाटतं. ती रडते. म्हणून तू खा.

दमयंती : नवी वहिनी कोण, बाळा?

काशी : मोठीआई.

दमयंती : वहिनी, बसा. खाली बसा आधी. कुणीतरी सांगितलं असेल हो तिला. भावोजी बोलले असतील कधी.

येसूबाई : तुझे भावोजी? लग्न झाल्यापासून त्यांनी मला 'अगो' सोडून दुसरी हाक मारली नाय. सासूबाई गेल्या, सासरे गेले. नवी वहिनी म्हणणारा एकच होता. मी जुनी झाले तरी तो तेच म्हणायचा.

दमयंती : हे बघा, आता एवढंच ठरवू. पान बंद करायचं. माझ्या मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे.

येसूबाई : बंद? दिलेला शब्द मोडू?

दमयंती : मग माझी काशी मोडू द्यायची?

येसूबाई : नाय. ते केळीचं पान घे तिथलं, कोवळं बघून. हे घावन घाल त्यावर. करपलेलं नको, हे दुसरं, जाळीदार झालंय ते. वाटीत नारळाचा रस हाय, गूळ घातलेला. तो ओत वरून.

दमयंती : आज अमावास्या नाही.

येसूबाई : इतकी वर्षं तिथी बघून चुकीचं वाढलं. दे इकडे. तू पोरीला धरून बस. सोडू नको हां.

दमयंती : धरलंय.

येसूबाई : (रातांब्याखाली पान ठेवून) सदू! बाबा, हे तांदळाचं हाय. याच्यानं दुखायचं नाय. पोरीला देऊ नको, तिचं तिला आत वाढलंय. तुझं तू खा.

दमयंती : या आत. मागे बघू नका.

येसूबाई : नाय बघत. तू बघ. पान तू ठेवलेलं नाहीस.

दमयंती : कावळा आलाय. कौलावर बसलाय.

येसूबाई : येईल खाली. पीठ सरलं की काय? नाय, हाय अजून चार घावनांचं.

दमयंती : वहिनी...

येसूबाई : शिवला?

दमयंती : पान रिकामं आहे.

येसूबाई : शिवला तर!

दमयंती : कावळा कौलावरच आहे. हललासुद्धा नाही.

येसूबाई : मांजर असेल.

दमयंती : मांजर तुमच्या पायाशी आहे.

येसूबाई : काशी?

दमयंती : माझ्या मांडीवर. दोन्ही हात धरलेत मी तिचे.

काशी : मोठीआई, तो विचारतोय, अजून आहे का?

येसूबाई : दमयंती, ते लाकूड जरा पुढं सार. तवा निवता कामा नये.