दादाचं थांबणारं मशीन

…आणि पुन्हा थांबलं! अहो, बोट खटक्यावर, ड्रिलचं बिट भिंतीत, धूळ डोळ्यांत, आणि हे थांबलेलं! वर तो लाल दिवा, लुकलुक, लुकलुक, जणू मला डोळा मारतोय. तुम्हाला सांगतो, मी मशीनं पाहिली आहेत, जळणारी पाहिली, शॉक देणारी पाहिली, एक तर चालू केलं की शेजारच्या घरातले दिवे घालवायचं. पण भर कामात स्वतःच्या मर्जीने थांबणारं मशीन? हे पहिलंच!

आणि त्याला म्हणायचं काय, तर सोय! सुरक्षा! बॅटरीवर चालणारं ड्रिल आहे ना हे, तर म्हणे त्याच्या पोटात एक पहारेकरी बसवलाय. भिंतीत सळई लागून बिट अडकलं की मोटार काही ऐकत नाही, ती फिरतच राहते. मग बिट फिरत नाही म्हटल्यावर काय फिरणार? मशीन फिरणार, आणि मशीनबरोबर धरणाऱ्याचं मनगट. तर तसं व्हायच्या आत तो पहारेकरी ओळखतो आणि मोटार बंद करतो. बोट सोडायचं, पुन्हा दाबायचं, की पुन्हा चालू. छान आहे ना ऐकायला? ऐकायला छानच आहे. तुम्ही धरा हातात! एक बोटभर जात नाही तोवर थांबतं!

आणि राग कशाचा येतो सांगू? दादाच्या हातात हे एकदाही थांबलं नाही. कित्येक महिने वापरलं त्याने. मी शेजारी उभा, मी पाहिलंय. घर्रर्र, भोक. घर्रर्र, भोक. जणू लोण्यात. माझ्या हातात आलं की लगेच लुकलुक. मी तर त्याला म्हटलंसुद्धा, सरळ तोंडावर म्हटलं, "ए, दादा आता येणार नाही. मीच आहे. सवय करून घे." ती भिंत ज्यांच्या घरातली, त्या बाई तेवढ्यात चहा घेऊन मागे उभ्या. कप ठेवला आणि गेल्या.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. बावीस दिवस झाले. जेवला, झोपला, सकाळी वहिनीने हाक मारली, तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मी म्हटलं, असं कसं थांबलं? काही खूण? काही दिवा? अहो, एवढ्याशा मशीनला कळतं थांबण्याआधी लाल दिवा लावायचं, आणि एवढा मोठा माणूस… जाऊ दे. मशीनचं सांगत होतो.

तर या बाई शाळेत शिकवायच्या. मी सातवीपर्यंतच गेलो, तेही शाळा घराच्या वाटेवर होती म्हणून, पण बाई पाहिल्या की अजून पाठ ताठ होते. त्यांच्या आजोबांना, म्हणजे यजमानांना हो, आमचं आपलं आजोबाच, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. आता दवाखान्यातून घरी आणायचं शनिवारी. खोलीपासून न्हाणीघरापर्यंत लांब बोळ, तिथे भिंतीला धरायला दांडा हवा. दादाकडे काम आलं. मी म्हटलं, एक दांडा, अर्ध्या दिवसाचं काम. दादा बोळात उभा राहिला, उजवा हात खिशात घातला, डाव्या हाताने भिंत चाचपत चालत गेला न्हाणीघरापर्यंत. आणि तिथेच उभा. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाला, "अरे, जाताना डावा हात या भिंतीला. वळलो की डावा हात त्या भिंतीला. माणूस गेला की परत पण यायचा असतो ना!"

दोन दांडे! हे मला सुचलं असतं? शपथ घेऊन सांगतो, नसतं सुचलं. मी आजोबांना न्हाणीघरात पोचवून काम संपवलं असतं.

तर जायच्या बाजूचा दांडा दादा बसवून गेला. यायच्या बाजूचा राहिला. नुसत्या खुणा करून ठेवल्यात भिंतीवर पेन्सिलने, एकवीस फुल्या, एका रेषेत, मुंग्या चालल्यासारख्या. आणि ही भिंत सगळी काँक्रीटची! आत सळयाच सळया. आज गुरुवार. शनिवारी आजोबा येणार. सकाळपासून मी भोकं पाडली किती? दोन! बाकी वेळ काय? लुकलुक, लुकलुक, थांबलं!

मग माझं डोकं फिरलं. माझं डोकं तसं पटकन फिरतं, त्याला कुठे पहारेकरी बसवलाय! मी म्हटलं, ही सोयच काढून टाकू. आहे काय त्यात? मी आयुष्यभर तेच केलं. ग्राइंडरचं झाकण काढलं, कारण चाक दिसत नाही. शिडीच्या पायाचं रबर काढलं, कारण चिकटतं. चष्म्याची पट्टी कापली, कारण कानामागे खाजवतं. आमच्या जुन्या ड्रिलला बाजूला एक दांडी होती दुसऱ्या हाताने धरायला, ती काढून वहिनीला दिली कपडे वाळत घालायला. दादा म्हणायचा, "बनवणाऱ्याने डोकं लावून जे जे बसवलं, ते ते हा डोकं न लावता काढतो."

आणि मग गेल्या वर्षी त्या जुन्या ड्रिलने हिसका दिला. स्टुलावर उभा, एक हात मशीनला, दुसरा खिशात, होय खिशात, कशाला विचारता? सळई लागली, बिट अडकलं, मशीन फिरलं, मशीनबरोबर मनगट, मनगटाबरोबर मी. लोकांच्या दिवाणखान्यात पंख्यासारखा फिरलो आणि खाली! सहा आठवडे प्लास्टर. सहा आठवडे दादा माझी बटणं लावायचा, माझे केस विंचरायचा. भांग पाडायचा डावीकडे. मी पाडतो उजवीकडे. सांगितलं तरी डावीकडेच. दीड महिना मी दुसऱ्याच कुणाचं डोकं घेऊन हिंडत होतो. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात त्याने हे थांबणारं मशीन आणलं. मी म्हटलं, "हे काय बायकापोरांचं खेळणं आणलंस?" तर मनगट चोळत म्हणाला, "माझंच दुखतं रे हल्ली. वय झालं. माझ्यासाठी आणलंय." मी म्हटलं, बरं, म्हातारा झाला आमचा दादा. छत्तिसाव्या वर्षी!

तर निघालो मशीन काखेत मारून. मशीनदुरुस्तीची गल्ली आहे, तीन दुकानं. पहिलं टकलूचं. मी मशीन ठेवलं. त्याने मशीनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "टकलूशेठ, हा थांबायचा प्रकार काढून टाक." म्हणाला, "निघत नाही." अरे, उघडून तर बघ! "उघडून काय बघायचं? आत वेल्डिंग मारलंय." प्लास्टिकला वेल्डिंग? "नवीन पद्धत आहे." आणि एकदम त्याला आतल्या खोलीत काम आठवलं. गेला, तो आलाच नाही.

दुसरं दुकान जाड्या भिंगाच्या काकांचं. प्रामाणिक माणूस. काकांनी मशीन डोळ्याजवळ नेलं, हुंगलं, उसासा सोडला. "निघतं, बाळ. पण काढलं की मशीन उलटं फिरतं." मी म्हटलं, उलटं तर उलटं, सरळ करायचं बटण आहे ना! "ते बटणही उलटं होतं." मग दोन्ही उलटं झालं की सरळच झालं ना, काका? काका विचारात पडले. खूप वेळ विचार केला. मग म्हणाले, "चहा घेणार?"

तुम्हीच सांगा, मी अडाणी असेन, पण इतका?

तिसरं दुकान वाइंडिंगवाल्या ताईंचं. जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळतात त्या. जिभेला हाड नाही, गल्लीत सगळे टरकतात. मी मशीन आपटलं. "ताई, काढता की मी हातोडीने काढू?" तार गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "त्या दोघांनी काय सांगितलं?" मी सांगितलं, वेल्डिंग आणि उलटं. त्या हसायला लागल्या. हसता हसता तार सुटली. म्हणाल्या, "मेल्यांना एक खोटं धड बोलता येत नाही. बस."

बसलो.

"निघतं," म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम आहे. पण मी काढणार नाही. तुझा भाऊ आला होता. मशीन घेतलं त्याच दिवशी, डबासुद्धा फोडला नव्हता. तिन्ही दुकानं फिरला." आणि मग त्यांनी दादाचा आवाज काढला. अहो, हुबेहूब! बोलण्याआधी तो नाक ओढायचा ना, सूंऽ करून, तसं ओढलं, आणि म्हणाल्या, "'सूंऽ… ताई, माझा धाकटा येईल. चार दिवसांत येईल, नाहीतर चार महिन्यांत, पण येईलच. म्हणेल, हे काढून टाका. त्याला सांगायचं, निघत नाही. चिडेल, आपटेल, तुम्ही मनावर घेऊ नका. एकदा मनगट मोडलंय त्याचं. मी असताना मी बघीन, पण सूंऽ… मी काय सारखा बरोबर असतो?'"

मी म्हटलं, "पण ते तर त्याच्यासाठी आणलं होतं. त्याचं मनगट दुखायचं." ताई म्हणाल्या, "त्याचं? तो एका हाताने पंपाची मोटार उचलून द्यायचा मला. त्याचं मनगट!"

दुकानात जळक्या तारेचा वास असतो, डोळे झोंबतात. ताईंनी तोंड दुसरीकडे वळवलं. मी विचारलं, "किती दिवस नाही म्हणायचं, असं काही बोलला?" ताई म्हणाल्या, "विचारलं मी. म्हणाला, 'त्याला अक्कल येईपर्यंत.' मी म्हटलं, आणि अक्कल आली की काढून देऊ? म्हणाला, 'अक्कल आली की तो विचारायला येणारच नाही.'"

मग ताईंनी मशीन उचललं, खोक्यातून एक दांडी काढली, बाजूला बसवली, पिळून घट्ट केली. "हे धर दुसऱ्या हाताने. आणि दाबतोस किती? भिंतीशी भांडण आहे का तुझं? धार गेलेलं बिट, वर तुझं वजन, वाकडा हात… थांबणार नाही तर काय करेल ते? दादाच्या हातात नव्हतं थांबत, कारण तो त्याला आपल्या गतीने जाऊ द्यायचा."

परत गेलो बाईंकडे. नवं बिट, दोन हात, पाय फाकून उभा. दाबलं नाही. नुसतं टेकवलं. घर्रर्र… भोक. पुन्हा घर्रर्र… भोक! मध्ये दोनदा सळई लागली, दोनदा लुकलुक झालं, मनगटाला मुंगीसुद्धा चावली नाही. मी बोट सोडलं, फुलीपासून जरा सरकलो, पुढे. खोटं नाही सांगत, भोक पडलं की फुली जाते, आणि प्रत्येक फुलीपाशी माझंच बोट जड व्हायचं. बाई पाहत होत्या. एका शब्दाने "लवकर आटप" म्हणाल्या नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी दांडा चढला. मी त्याला लोंबकळून पाहिलं. हलला नाही.

शनिवारी आजोबा आले. सगळे "हळू, हळू" करतायत. आजोबांनी डावा हात दादाच्या दांड्यावर ठेवला, एक एक पाऊल करत गेले. न्हाणीघराच्या दारात वळले. माझ्या दांड्याला हात लावला, एकदा हिसका देऊन पाहिला, आजोबाही माझ्यासारखेच, आणि आले परत! खोलीपर्यंत आले, खुर्चीत बसले, आणि वाकड्या जिभेने म्हणाले, "पुन्हा जातो." बाई म्हणाल्या, "अहो, लघवीला लागली का?" तर म्हणाले, "नाही. नुसतं."

आता मशीन ऐकतं माझं. काम मिळतं. वहिनीकडे पोचवायचं ते पोचवतो. बाजूची दांडी काढत नाही, ग्राइंडरला झाकण लावलंय, तुम्ही बघून घ्या हवं तर. थांबलं तर थांबू देतो.

पण दर गुरुवारी, तुम्हाला सांगतो, मी ते मशीन काखेत मारतो आणि गल्लीत जातो. ताईंच्या समोर ठेवतो. म्हणतो, "ताई, काढून देता का हो ते?" ताई तार गुंडाळता गुंडाळता वर बघतात. नाक ओढतात, सूंऽ करून. म्हणतात, "निघत नाही."

बस. तेवढं ऐकतो, मशीन उचलतो, येतो.

टकलू हसतो. काका मान हलवतात. सगळ्या गल्लीत झालंय, त्या धाकट्याला अजून काही अक्कल आली नाही. नाही आली! मला तरी कुठे घाई आहे?